खटावकरकाकांची आवृत्ती दोन

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला खटावकरकाकांचे फक्त पाय दिसले. मीटिंगरूमच्या टेबलाखालून बाहेर आलेले, तपकिरी मोजे घातलेले दोन पाय. टेबलाभोवती पाच माणसं कॉफी पीत निवांत बोलत होती आणि त्या पायांचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मला वाटलं, अमेरिकेत माणूस कोसळला तरी मीटिंग थांबवत नाहीत की काय! घाबरून खाली वाकले, तर साठी केव्हाच ओलांडलेले एक गृहस्थ उताणे पडलेले. तोंडात बारकी टॉर्च, हातात ग्रीसनं काळे झालेले हातमोजे, छातीवर उघडी फाइल. माझं ओळखपत्र त्यांच्या नाकापुढं लोंबायला लागलं. त्यांनी टॉर्च तोंडातून काढली आणि म्हणाले, "शिरगुप्पे? म्हणजे सांगलीकडची का गं तू?"

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय! पान उलटत नाही. हातमोजे घातले की पान उलटत नाही. सांग त्या साहेबाला, कागद पातळ आहे."

ही आमची ओळख. आमची कंपनी विमानं बनवत नाही. विमानं दुरुस्त करणाऱ्यांसाठी पुस्तकं बनवते. तीस-चाळीस माणसांची छोटी प्रवासी विमानं असतात ना, त्यांचं चाक कसं काढायचं, ब्रेक कसा बदलायचा, कुठला नट आधी आणि कुठला नंतर, असं सगळं. प्रत्येक टप्प्याला चित्र, प्रत्येक चित्राला नंबर. मी शब्द लिहायचे, दुसरं कोणी चित्रं काढायचं आणि ते पुस्तक हातात धरून काम होतंय का, हे काका बघायचे. बघायचे म्हणजे आम्हाला छळायचे.

पण मला सांगायचंय ते विमानाबद्दल नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या आंघोळीबद्दल आहे. तिथं पोचायचं तर आधी काका कळायला हवेत, म्हणून हा फेरा.

खटावकरकाका मूळचे साताऱ्याचे. नाशिकच्या बाजूला एका विमान कारखान्यात फिटर होते, तिथून अमेरिकेत आले आणि सिएटलजवळच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. विमानाच्या पोटाखाली झोपून काम करताना जे पुस्तक वापरायचे ते आमच्या कंपनीचं. त्यात जिथं जिथं अडलं तिथं तिथं काकांनी आमच्या कंपनीला पत्र लिहिलं. एक नाही, दोन नाही, खोकं भरलं! शेवटी आमचा साहेब ग्लेन म्हणाला, या माणसाला उत्तरं लिहीत बसण्यापेक्षा नोकरीवर घेतलेलं परवडेल. असे काका ऑफिसात आले.

त्यांचा पेटंट प्रश्न एकच. "बोट कुठं थांबलं?" दर गुरुवारी ते हँगरमध्ये जायचे, एक तिपाई टाकून बसायचे आणि एखादा टेक्निशियन आमचं पुस्तक उघडून काम करायला लागला की नुसतं त्याचं बोट बघायचे. माणूस वाचताना बोट चित्रावरून सरकवतो. ते थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं, की काकांच्या वहीत फुली. स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. तो बिचारा विचारायचा, "हे असंच ना?" काका आढ्याकडं बघायचे. "मी मदत केली तर पुस्तक पास होतंय," म्हणायचे, "आणि मी काय प्रत्येक विमानाबरोबर जाणाराय?"

माझं पहिलं प्रकरण ब्रेक बदलण्याचं होतं. मी जीव ओतून लिहिलं होतं. पहिल्याच गुरुवारी सहाव्या टप्प्यावर बोट थांबलं. चार बोल्ट काढा म्हणून लिहिलेलं, चित्रात चार बोल्ट झकास दिसत होते, पण खाली झोपलेल्या माणसाला तीनच दिसत होते.

"हे चित्र कुणाचं आहे?" काकांनी विचारलं.

"विमानाचं."

"विमान बघायला आलेल्या पाहुण्याचं आहे. काम करणाऱ्याला विमान दिसत नाही बाई. त्याला दिसतो एक नट आणि स्वतःचा हात. त्याच्या डोळ्यात शिर आणि तिथनं चित्र काढ."

तेवढ्यावर भागलं नाही. आधी ब्रेकमधला दाब सोडून द्या, नाहीतर हाताला इजा होईल, ही सूचना मी पाना फिरवायच्या टप्प्यानंतर लिहिली होती. काका म्हणाले, "म्हणजे माणूस घसरून पडल्यावर 'तिथं शेवाळ आहे हं' म्हणून सांगतेस होय?" मला असा राग आला! तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. चौथ्या दिवशी निमूटपणे प्रकरण बदललं, कारण म्हातारा बरोबर होता.

घरीदारीही हेच. मला दिवस गेले तेव्हा निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बाळासाठी सुटे भाग जोडायचा पाळणा आणला. त्याच रविवारी काका लाडू घेऊन आले, खोकं बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. तिपाई ओढून निखिलसमोर बसले. निखिल बेलव्ह्यूच्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो; पुस्तक वाचून काम करणं त्याला अपमान वाटतो. दोन तास तो खटपट करत होता आणि दोन तास काका त्याच्या बोटाकडं बघत होते. मी चहा दिला तोही त्यांनी निखिलवरची नजर न काढता प्याला. शेवटी पाळणा उभा राहिला. निखिल घाम पुसत म्हणाला, "झाला!"

काकांनी सतरंजीवरून एक स्क्रू उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "हा कुठला?"

"एक्स्ट्रा देतात यार काका."

"कुणी देत नाही. उरलेला स्क्रू खोटं बोलत नाही. उघड."

निखिलनं पाळणा पुन्हा उघडला. स्क्रू तळाच्या फळीचा होता, जिच्यावर माझं बाळ झोपणार होतं. त्यानंतर निखिल काकांच्या वाटेला गेला नाही.

सातव्या महिन्यात माझ्या आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्या येण्यातल्या नव्हत्या. ऑफिसच्या लंचरूममध्ये मी डबा उघडला आणि रडायलाच लागले. समोर काका थालीपीठ खात होते. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे काही त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी वही काढली.

"नेमकं कुठं अडतंय?"

"सगळंच अडतंय हो काका!"

"सगळं कधीच अडत नसतं. एक जागा असते. ती सांग."

मी नाक पुसत विचार केला, आणि खरंच एकच जागा होती. "आंघोळ," मी म्हणाले. "डायपर बदलेन, दूध पाजेन, जागरणं करेन. पण तेलानं माखलेलं, साबण लावलेलं, मान न धरलेलं पोर... माझ्या हातून सुटलं म्हणजे? हॉस्पिटलच्या क्लासमध्ये बाहुली दिली होती, पण ती कोरडी होती. आमच्याकडं हे आई करते, आजी करते, नाहीतर न्हाऊ घालणारी बाई येते. इथं कोण आहे मला?"

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग थालीपीठाचा उरलेला तुकडा माझ्या डब्यात ठेवून म्हणाले, "तुझ्या आईचा नंबर दे."

पुढच्या शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये व्हिडिओकॉल लागला. तिकडं सांगलीत आई जेवणं उरकून बसलेली, इकडं काका वही-पेन्सिल घेऊन. आईचं सगळं शास्त्र 'जरा' या शब्दावर उभं आहे. ती म्हणाली, "जरा तेल घ्यायचं, जरा चोळायचं, पाणी जरा कोमट..."

"ताई, जरा म्हणजे किती?"

"अहो, जरा म्हणजे जरा! अंदाजानं."

"अंदाज तुमच्या हातात आहे ताई. तो सातासमुद्रापलीकडं पाठवायचा कसा?"

आई हळूच म्हणाली, "पाणी कोपराला सोसलं पाहिजे. हाताचा तळवा निबर असतो, त्याला कळत नाही. कोपर बुडवायचं."

"हां!" काका असे ओरडले की माझ्या पोटातलं बाळ हललं. "हे माप आहे! बघा, होतं की नाही तुमच्याकडं?"

मग बाळ धरायचं कसं, हे दाखवायची वेळ आली. आईनं एक मोठा दुधी आणला, भिंतीला टेकून पाय पसरून बसली, दुधी पायांवर घेतला. काकांना पटेना. "समोरून नको. तुमच्या डोळ्यांतून दिसलं पाहिजे." म्हणून माझे बाबा आईच्या मागं स्टुलावर चढले आणि तिच्या डोक्यावरून फोन खाली धरून उभे राहिले. आई दुधीला पालथा घालून पाठ चोळतेय, बाबा वरून "हात दुखायला लागले" म्हणतायत आणि काका "मानेखालचं बोट परत दाखवा" म्हणतायत. आई दुधीशी बोलायलाही लागली होती. "अगं माझी बाय, झालं झालं हं." मी हसता हसता रडत होते. ते हात माझ्यासाठी इथं असायला हवे होते, आणि होते भोपळ्यावर.

असे चार शनिवार गेले. काकांनी आमच्या बाथरूमचं माप घेतलं. अमेरिकन बाथरूममध्ये पाय पसरून बसायला जागा नाही, म्हणून टबातच बसायचं ठरलं; तळाशी रबरी चटई घातली. स्वतःच्या घरी तीन किलोचा लाल भोपळा तेल लावून, साबण लावून त्यांनी किती वेळा न्हाऊ घातला देव जाणे. एका सोमवारी ऑफिसात तोंड पाडून आले. मी विचारलं तर म्हणाले, "काल सुटला हातातनं. टप्पा अकरा चुकलाय. साबण लावलेल्या हातानं उचलायचं नाही, आधी हातावर पाणी घ्यायचं." आणि तिथंच बसून टप्पा अकरा बदलला.

बाळंतपणाच्या आठवडाभर आधी पुस्तक माझ्या हातात आलं. जाड, पुसता येतील अशी पानं, ओल्या बोटानं उलटतील अशी. एकोणीस टप्पे. प्रत्येक चित्रात खाली बघणाऱ्या आईला दिसतील तसे स्वतःचे दोन हात. सगळे इशारे टप्प्याच्या आधी. पहिलाच इशारा: नाळ पडून बेंबी सुकल्याशिवाय सुरुवात करू नये. पुढं धुरीचा टप्पा होता, त्यावर आडवी रेघ आणि शेजारी लिहिलेलं: रद्द, कारण स्मोक अलार्म. मी पानं उलटत शेवटाला आले. टप्पा एकोणीस: बाळ झोपल्यावर आईनं गरम जेवावं. हा टप्पा वगळू नये.

काका म्हणाले, "बोट थांबलं का कुठं?" मी नाही म्हणून मान हलवली आणि डोळे पुसायला बाथरूममध्ये गेले.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाळ पडली, सोळाव्या दिवशी आंघोळ ठरली. काका बरोबर दहाला हजर. बाथरूमच्या दारात तिपाई टाकून, वही मांडीवर घेऊन बसले. निखिलकडं टॉवेल आणि पाण्याचा तांब्या. मी टबात पाय पसरून बसले, पुस्तक टबाच्या कडेला उघडं ठेवलं, आणि निखिलनं तो एवढासा जीव माझ्या पायांवर ठेवला. पहिला टप्पा वाचला, चित्र बघितलं, चित्रातल्या हातासारखा हात ठेवला. दुसरा टप्पा. तिसरा. पाणी अंगावर पडलं तशी तिनं भोकाड पसरलं. मी "अगं माझी बाय" म्हणाले, आणि ते कुठून आलं ते माझं मलाच कळलं नाही. अकराव्या टप्प्याला हातावर पाणी घेतलं, मग तिला उचललं. ती सुटली नाही! टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली तेव्हा मी एवढ्यांदा ओरडले, "जमलं!" की निखिलच्या हातातला तांब्या पडला.

काकांनी वही मिटली. एकही फुली नव्हती.

बाळ झोपलं आणि मी वगळू नये तो टप्पा करायला बसले, म्हणजे निखिलनं केलेला मऊ भात खायला. खाता खाता पुस्तकाचं शेवटचं कव्हर उघडलं. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आवृत्त्यांचं पान असतं. कुठली आवृत्ती कधी, कुणासाठी, तपासली की नाही. काकांनी तेही केलं होतं. खाली लिहिलेलं: आवृत्ती दोन, रेवतीसाठी, तपासणी बाकी. रेवती म्हणजे मी. त्याच्या वर: आवृत्ती एक, मीनलसाठी, वापरात आली नाही.

मीनल म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. जर्सी सिटीत असते. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे एवढं मला माहीत होतं. काकू जाऊन चार वर्षं झालीत, हेही माहीत होतं. त्यापुढं मी कधी विचारलंच नव्हतं, आणि त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

"काका, आवृत्ती एक कुठंय?"

"तिच्या फ्रिजवर आहे," काका म्हणाले. "तुझी काकू नव्हती सांगायला, म्हणून नुसतं वाचून केली आणि पाठवली होती मी. फोन आला तिचा. 'डॅड, दिस इज सो क्यूट.' फ्रेम करून लावलीय. तिचं बरोबरच आहे गं, तिनं क्लास केला होता, मोबाइलवर सगळं बघितलं होतं. मी म्हटलं येऊ का महिनाभर? तर म्हणाली, 'वी आर गुड, डॅड.' गुणी आहेत दोघं, ती न् जावई. पण वापरायच्या वस्तूला क्यूट म्हटलं की संपलं. ती मग भिंतीवर जाते."

"म्हणजे नातवाला तुम्ही..."

"नाही."

"आणि मीनलला? ती लहान असताना?"

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी रात्रपाळीला असायचो. हिनंच केलं सगळं. मी आजवर एकसुद्धा बाळ न्हाऊ घातलेलं नाही, रेवती. भोपळा सोडून."

एवढं मोठं एकोणीस टप्प्यांचं पुस्तक, आणि लिहिणाऱ्याच्या हातांना बाळ माहीत नाही! मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "उद्या दहाला या."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि नेहमीसारखी तिपाई उघडायला लागले. मी ती काढून घेतली. "आज तुम्ही टबात. मी वाचते."

"छे! भलतंच काय! माझे हात बघितलेस का? यंत्रावर गेलेत सगळे."

"पुस्तक तपासायला कोरा माणूस लागतो ना? तुमच्याइतका कोरा माणूस आपल्या सगळ्या बॉथेल गावात मिळायचा नाही. चला, पँट दुमडा."

त्यांनी घड्याळ काढलं. दोनदा हात धुतले, तिसऱ्यांदा धुतले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टबात बसले, आणि मी माझी लेक त्यांच्या पायांवर ठेवली. मी वाचत गेले, ते करत गेले. तेल, पाठ, पाय, कोपर बुडवून पाणी. विमानाच्या नटांनी सोललेली ती जाड बोटं कापसावरून फिरावीत तशी फिरत होती. नवव्या टप्प्याला मुलीनं डोळे उघडले आणि सरळ त्यांच्याकडं बघायला लागली. काकांचा हात तिच्या मानेखाली तसाच राहिला.

"काय झालं काका? चित्र चुकलंय का?"

"नाही. चित्र बरोबर आहे." ते तिच्याकडंच बघत म्हणाले, "मीनल एवढीच होती. मी कामावरनं यायचो तोवर तिची आंघोळ झालेली असायची. खोलीत नुसता वास असायचा, तेलाचा न् साबणाचा. मी दारात उभा राहून वास घ्यायचो आणि झोपायला जायचो."

त्यांच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं आणि हात गुंतलेले, म्हणून पुसता येत नव्हतं. मी टॉवेलाच्या टोकानं पुसलं. बाथरूम उबदार होतं, तांब्यातलं पाणी कोमट होतं, पोर गप्प राहून त्यांचं तोंड न्याहाळत होती. मी पुस्तक मिटलं.

"सावकाश होऊ द्या काका," मी म्हणाले. "आम्हाला दोघींना कुठं जायचंय!"